कार्यालयाने दिलेला समुपदेशक नेमका कोणाचा?

नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या मोफत समुपदेशनाविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. अशी सुविधा आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ती वापरल्यावर पुढे काय होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. रुजू होताना हाती पडलेल्या कागदांत तिच्याविषयी एखादा परिच्छेद असतो, सूचनाफलकावर एक क्रमांक असतो, आणि खरी गरज पडते तेव्हा मनात पहिली शंका येते ती हीच, की आपण बोललेले वरपर्यंत तर जाणार नाही ना. या वेळी निवडलेले प्रश्न बहुतांशी याच शंकेभोवतीचे आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील नेहमीप्रमाणे वगळला आहे.

प्रश्न : आमच्या कंपनीत ‘एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम’, म्हणजे ईएपी, सुरू झाल्याचा मेल आला. ‘प्रत्येक समस्येसाठी सहा सेशन मोफत’ असे त्यात लिहिले आहे. हा आरोग्य विम्याचाच भाग आहे का? मानसिक आजार असेल तरच जायचे असते का? माझी अडचण तशी आजार म्हणावी अशी नाही. वडिलांचे दुखणे, कामाचे तास आणि झोप यांचा मेळ काही केल्या बसत नाही.

उत्तर : ईएपी हा विमा नव्हे. विम्यात सहसा आधी निदान लागते, मग उपचार होतात, खर्चाचा दावा दाखल होतो आणि त्याची कागदोपत्री नोंद राहते. ईएपीमध्ये कंपनी बाहेरच्या एका सेवासंस्थेशी करार करते, बहुधा दर कर्मचाऱ्यामागे ठरावीक रक्कम भरते, आणि त्या मोबदल्यात कर्मचाऱ्यांना फोनवर, व्हिडिओवर किंवा प्रत्यक्ष भेटीत समुपदेशन मिळते. त्यासाठी निदान लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि वरिष्ठांची परवानगीही लागत नाही. तुम्ही ठरलेल्या मर्यादेत कितीही वेळा गेलात तरी तुमच्या पगारातून त्यापोटी काही कापले जात नाही.

या सुविधेचा उगम थोडा वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो माहीत असला तर तिची आजची रचना समजायला सोपी जाते. 1935 मध्ये अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची, चळवळ उभी राहिली आणि 1940 च्या दशकात ड्यूपाँट, ईस्टमन कोडॅक यांसारख्या कंपन्यांनी दारूच्या आहारी गेलेल्या कामगारांसाठी मदतीचे उपक्रम सुरू केले. अनुभवी कामगाराला घरी बसवून नवा माणूस तयार करण्यापेक्षा त्याला सावरायला मदत करणे दोघांच्याही हिताचे आहे, असा त्यामागचा विचार होता. 1970 मध्ये तिथे दारूच्या व्यसनाच्या प्रतिबंधासाठी व उपचारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि अशा उपक्रमांना बळ मिळाले. काम करता करता हे उपक्रम चालवणाऱ्यांच्या लक्षात आले, की कामगिरी घसरण्यामागे दारू हे अनेक कारणांपैकी एक असते. कर्ज, घरातले आजारपण, मोडत चाललेले लग्न, एखाद्या जवळच्या माणसाचा मृत्यू यांनीही माणूस तितकाच खचतो. या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संघटना 1971 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच दारूच्या व्यसनाचा उल्लेख होता. 1989 मध्ये तो वगळून तिने कर्मचारी-साहाय्य हे व्यापक नाव घेतले.

तेव्हा वडिलांचे दुखणे, कामाचे तास आणि झोप ही तुमची अडचण या सुविधेच्या काठावरची नसून अगदी मधोमध आहे. अनेक ईएपींत समुपदेशनाखेरीज वृद्धांच्या देखभालीची सोय शोधून देणे, कर्जाचे नियोजन आणि प्राथमिक कायदेशीर सल्ला यांचाही समावेश असतो. पहिल्याच फोनवर ‘मला वडिलांच्या देखभालीविषयीही माहिती हवी आहे’ असे स्पष्ट सांगा, कारण न विचारल्यास केवळ समुपदेशनाची वेळ देऊन फोन ठेवला जाण्याची शक्यता असते.

त्या पहिल्या फोनविषयीही सांगायला हवे, कारण अनेकजण तिथेच बिचकतात. फोन उचलणारी व्यक्ती समुपदेशकच असेल असे नाही. ती आधी कंपनीचे नाव विचारते, कारण तुम्ही या सुविधेस पात्र आहात की नाही हे तिला पाहायचे असते. मग तुमचे नाव, परत फोन करण्यासाठी क्रमांक, त्या क्रमांकावर निरोप ठेवलेला चालेल का, आणि या क्षणी तुम्ही कुठे आहात, असे प्रश्न येतात. शेवटच्या प्रश्नाने माणूस दचकतो. पण बोलता बोलता कोणाची प्रकृती किंवा मनःस्थिती एकदम बिघडली तर मदत नेमकी कुठे पाठवायची, एवढ्यासाठीच तो असतो. ‘स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येतात का’ हेही सहसा प्रत्येकालाच विचारले जाते, झोपेची तक्रार घेऊन आलेल्यालासुद्धा. त्यात तुमच्याविषयी कसला संशय नसतो. खरे असेल ते सांगावे.

‘प्रत्येक समस्येसाठी सहा सेशन’ याचा अर्थ मात्र विचारून घ्या. काही करारांत वर्षाला एकूण सहा असा अर्थ असतो, तर काहींत वडिलांच्या आजारपणासाठी सहा आणि त्याच वर्षी वेगळे काही उद्भवल्यास त्यासाठी पुन्हा सहा, असा.

प्रश्न : माझा घटस्फोटाचा दावा चालू आहे. कामात लक्ष लागत नाही आणि रात्री छातीत धडधडते. आमचा विभाग अवघ्या सातजणांचा आहे आणि अप्रेझल तोंडावर आले आहे. ईएपीच्या पत्रकात ‘संपूर्ण गोपनीयता’ असे छापले आहे. मी गेले हे मॅनेजरना किंवा एचआरला कळणार नाही, याची खात्री बाळगू का?

उत्तर : तुमचा प्रश्न या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्याआधी एक सूचना : छातीतली धडधड मानसिक ताणाचीच आहे असे गृहीत धरू नका, ती एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.

बाहेरच्या संस्थेमार्फत चालणाऱ्या ईएपीमध्ये कंपनीला काय कळते, हे नेमके पाहू. बहुधा दर तीन महिन्यांनी किंवा वर्षाने एक अहवाल जातो. त्यात एकूण किती जणांनी संपर्क साधला, त्यांतले नवे किती, फोनवर किती आणि प्रत्यक्ष किती, आणि विषयांची ढोबळ विभागणी, म्हणजे कौटुंबिक इतके टक्के, कामाचा ताण इतके टक्के, आर्थिक इतके टक्के, एवढेच असते. नावे नसतात, कर्मचारी क्रमांक नसतात, कोणी काय बोलले हे नसते. स्वतःहून गेलेल्या कर्मचाऱ्याचे नाव त्याच्या लेखी संमतीवाचून कंपनीला कळवले जाऊ नये, हा या व्यवसायाचा पायाभूत नियम आहे, आणि तो मोडला गेल्याचे एकदा बाहेर पडले तर त्या ठिकाणची सेवा कोणीच वापरणार नाही, हे सेवासंस्थाही जाणून असतात.

तरीही तुमच्या पत्रातला ‘सातजणांचा विभाग’ हा उल्लेख महत्त्वाचा आहे. अहवाल विभागवार फोडला आणि त्यात ‘विभाग अमुक : संपर्क एक, विषय घटस्फोट’ अशी ओळ आली, तर नाव नसले तरी ओळख उघड होते. चांगल्या संस्था लहान गटांचे आकडे वेगळे दाखवत नाहीत, ते मोठ्या गटात मिळवून टाकतात. म्हणून नाव सांगण्याआधीच हेल्पलाइनला विचारा : ‘कंपनीला जाणारा अहवाल किती लहान गटापर्यंत फोडला जातो?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि उत्तर देताना समोरची व्यक्ती चाचपडली तर तेही एक उत्तरच समजा.

आता गोपनीयतेच्या मर्यादा. तुमच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तुमच्याकडून दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, एखाद्या बालकाचा किंवा परावलंबी व्यक्तीचा छळ होत असेल, किंवा न्यायालयाचा आदेश आला असेल, तर समुपदेशक गप्प राहू शकत नाही. नेमक्या तरतुदी प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळ्या असतात, पण मर्यादांचा सर्वसाधारण आराखडा असाच असतो. दुसऱ्याच्या जिवाच्या धोक्याविषयीचा विचार 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या तारासॉफ निकालानंतर या व्यवसायात दूरवर रुजला. मात्र अशा वेळीही माहिती जाते ती धोका टाळू शकेल अशा व्यक्तीकडे किंवा यंत्रणेकडे, आणि गरजेपुरतीच.

यातून एक गैरसमज जन्माला येतो आणि तो फार घातक आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. ‘कधी कधी जगणे नकोसे होते’ असे म्हटले की समुपदेशक लगेच कंपनीला किंवा पोलिसांना कळवतो, असे अनेकांना वाटते आणि ते नेमकी तीच गोष्ट लपवतात. प्रत्यक्षात असे वाक्य समुपदेशकाच्या कानावर नेहमी पडते. तो पुढे विचारतो, की हे विचार किती वेळा येतात, काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का, आणि अशा वेळी कोणाला हाक मारता येईल. बहुतेक वेळा यातून तुम्ही दोघे मिळून सुरक्षिततेची एक लेखी योजना तयार करता आणि गोष्ट त्या खोलीतच राहते. बाहेर कळवण्याची वेळ येते ती धोका आत्ताचा, ठोस आणि दुसऱ्या उपायाने न टळणारा असेल तेव्हा. एवढ्या भीतीपोटी हे वाक्य गिळून टाकू नका.

गोष्ट फुटते ती समुपदेशकाकडूनच फुटते असे नाही. अनेकदा वाट आपणच करून दिलेली असते. ऑफिसच्या मेलवरून वेळ ठरवणे, कंपनीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ सेशन करणे, सर्वांना दिसणाऱ्या कॅलेंडरमध्ये ‘समुपदेशन’ लिहून ठेवणे, काचेच्या मीटिंग रूममध्ये बसून बोलणे, रजेच्या अर्जात खरे कारण नोंदवणे : या त्या वाटा. स्वतःचा फोन आणि स्वतःचा मेल वापरा, सेशनसाठी कार्यालयाबाहेरची जागा निवडा आणि कॅलेंडरमध्ये ‘वैयक्तिक काम’ एवढेच लिहा. सुविधा ॲपवरून मिळत असेल तर नोंदणीला ऑफिसचा मेल सक्तीचा आहे का, हे आधी पाहा. काही ॲपना पात्रता तपासण्यासाठी तो एकदाच लागतो. पुढच्या सूचना मात्र खासगी मेलवर वळवता येतात.

समुपदेशक कंपनीच्या पगारावर असेल आणि आवारातच बसत असेल, तर आणखी तीन गोष्टी विचारा : नोंदी कोठे ठेवल्या जातात, त्या सेवापुस्तिकेपासून वेगळ्या आहेत का, आणि समुपदेशक स्वतः कोणाला जबाबदार आहे. असे समुपदेशक उत्तम काम करतात, त्यांना कामाच्या ठिकाणची नस बाहेरच्यापेक्षा चांगली कळते; पण त्यांच्या दारात जाताना तुम्ही सहकाऱ्यांना दिसता, ही साधी गोष्टही सातजणांच्या विभागात लहान नसते.

आणि शेवटी तुमच्या दाव्याविषयी. समुपदेशकाच्या नोंदी न्यायालयात मागवल्या जाऊ शकतात का, हे तुमच्या ठिकाणच्या कायद्यावर ठरते. पहिल्या सेशनआधी तुमच्या वकिलांना हा एक प्रश्न विचारा आणि समुपदेशकालाही दावा चालू असल्याचे सांगून ठेवा. मुलांच्या ताब्याविषयी मत देणे किंवा न्यायालयासाठी प्रमाणपत्र लिहिणे हे ईएपी समुपदेशकाचे काम नसते. त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवली तर दोघांचीही अडचण होते.

प्रश्न : कामात चुका होतात आणि उशीर होतो म्हणून साहेबांनी मला लेखी कळवून ईएपीकडे जायला सांगितले आहे. तिथे एका संमतिपत्रावर सही करायची आहे. सही केली तर माझे सगळे बोलणे कंपनीला मिळेल का? आणि नाही गेलो तर?

उत्तर : याला औपचारिक शिफारस म्हणतात, आणि ती स्वतःहून जाण्यापेक्षा वेगळी असते. इथे तुम्ही गेलात की नाही, हे कंपनीला जाणून घ्यायचे असते. म्हणूनच संमतिपत्र पुढे येते. सर्वसाधारण प्रथेनुसार त्याद्वारे दोन-तीनच गोष्टी कळवल्या जातात : तुम्ही उपस्थित राहिलात का, सुचवलेली योजना पाळत आहात का, आणि कधीकधी सेवा पूर्ण झाली का. काय बोललात, कशामुळे त्रास होतो, निदान काय, हे त्यात येत नाही.

तरीही सही करण्यापूर्वी कागद नीट वाचा. माहिती नेमकी कोणाला जाणार, त्या व्यक्तीचे नाव किंवा पद लिहिलेले असावे. ‘व्यवस्थापन’ असा मोघम शब्द असेल तर तो बदलून मागा. कोणती माहिती जाणार, तिची यादी असावी. संमती कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि ती मागे घेता येते का, हेही असावे. ‘आणि इतर आवश्यक माहिती’ अशी ओळ दिसली तर ती खोडून तिच्या शेजारी सही करण्याची तयारी ठेवा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

एक फरक इथे पक्का ध्यानात घ्या. कामासाठीची मानसिक किंवा शारीरिक पात्रता तपासणारे मूल्यमापन ही समुपदेशनाहून निराळी प्रक्रिया आहे. त्यात तपासणारा तज्ज्ञ मालकासाठी काम करतो आणि त्याचा अभिप्राय मालकालाच जातो. त्या खोलीत समुपदेशन चालले आहे अशा समजुतीने मन मोकळे करून बसणे नुकसानीचे ठरू शकते. तुम्हाला पाठवले आहे ते नेमके कशासाठी, हे साहेबांकडून लेखी घ्या. विमान, रेल्वे, अवजड वाहने यांसारख्या सुरक्षेशी जोडलेल्या कामांत, विशेषतः दारू किंवा अमली पदार्थांच्या चाचणीनंतर, उपस्थिती सक्तीची असू शकते. इतर कामांत न जाण्याचा पर्याय बहुधा खुला असतो. मात्र ज्या चुकांसाठी पत्र आले त्या चुकांची जबाबदारी तशीच राहते, आणि ईएपीकडे गेल्यानेही ती आपोआप पुसली जात नाही. माझे मत विचाराल तर जाऊन या. उशीर आणि चुका यांमागे काहीतरी आहे, हे तुमच्या पत्राच्या सुरावरून जाणवते, आणि ते कंपनीसाठी नव्हे तर तुमच्यासाठी बोलायला हवे.

प्रश्न : माझी सहाही सेशन झाली. आता कुठे मोकळेपणाने बोलता येऊ लागले होते आणि सेवा संपली. हे अर्ध्यावर सोडणे नाही का?

उत्तर : तुमची नाराजी रास्त आहे, आणि दोष बहुधा तुमच्या समुपदेशकाच्या आखणीचा आहे. ईएपीतले समुपदेशन मुळात अल्पमुदतीचे असते : एखादा प्रश्न हातात घेऊन त्यावर लक्ष एकवटायचे, किंवा अडचण नीट समजून घेऊन योग्य त्या तज्ज्ञाकडे पोहोचवायचे. हे पहिल्याच भेटीत सांगितले जायला हवे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेशनपर्यंत ‘सहा पुरतील का, नाही तर पुढे कोठे’ यावर बोलणे व्हायला हवे. दीर्घकाळचे नैराश्य, व्यसन, जुना आघात, टोकाचे मनोचढउतार यांसाठी सहा सेशन पुरत नाहीत. औषधे लागणार असतील तर मनोविकारतज्ज्ञांकडेच जावे लागते.

आता करता येईल ते असे. हेल्पलाइनला पुन्हा फोन करून पुढच्या तज्ज्ञांची नावे मागा. तुमच्या संमतीने नव्या तज्ज्ञासाठी एक संक्षिप्त टिपण मागा, म्हणजे सगळे पहिल्यापासून सांगण्याचा शीण वाचेल. त्याच समुपदेशकाकडे खासगीत जाता येते का, तेही विचारा. काही करारांत त्याला मनाई असते, कारण समुपदेशकाने स्वतःच्या उत्पन्नासाठी लोकांना स्वतःकडेच वळवू नये असा हेतू असतो. काहींत ते चालते. नव्या तज्ज्ञाचा खर्च तुमच्या आरोग्य विम्यात बसतो का, हे नाव नक्की करण्याआधी पाहा. ज्यांची सेशन अजून चालू आहेत त्यांनी एक सेशन राखून ठेवावे आणि नव्या तज्ज्ञाची पहिली भेट झाल्यावरच ते वापरावे. मधला रिकामा काळ हाच सगळ्यांत अवघड असतो.

याच संदर्भात आणखी एक. पहिल्या दोन भेटींत समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर बदलून मागता येतो, आणि त्यासाठी कारण देण्याचीही गरज नसते.

प्रश्न : माझ्या पत्नीला किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला ही सुविधा वापरता येईल का?

उत्तर : अनेक योजनांत जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांचा समावेश असतो, कोण येते हे तुमच्या पत्रकात लिहिलेले असेल. त्यांचे बोलणे तुम्हालाही कळवले जाणार नाही, हे मात्र आधीच मान्य करून त्यांना क्रमांक द्या. अल्पवयीन मुलांबाबत पालकांच्या संमतीचे नियम ठिकाणानुसार वेगळे असतात.

प्रश्न : मी एका टीमचा प्रमुख आहे. एक चांगला सहकारी हल्ली गप्प असतो, एकदा कॉल चालू असताना त्याला रडू आले. त्याला ईएपीविषयी कसे सांगावे? त्याचा अपमान होईल अशी भीती वाटते.

उत्तर : जे डोळ्यांना दिसले तेवढेच बोला, त्यामागचे कारण तुम्ही ठरवू नका. ‘तू डिप्रेशनमध्ये दिसतोस’ हे वाक्य टाळा. दार बंद करून, घाई नसताना, असे काहीसे म्हणता येईल : ‘गेल्या काही दिवसांत तू मीटिंगमध्ये बोलत नाहीस आणि त्या दिवशी कॉलवर तुला त्रास झालेला मी पाहिला. मला काळजी वाटली म्हणून विचारतो. मला सांगायलाच हवे असे नाही. कंपनीची समुपदेशनाची सोय आहे, क्रमांक पाठवून ठेवतो. तू फोन केलास की नाही हे मला कळत नाही आणि मी विचारणारही नाही. कामाचा भार पुढचे दोन आठवडे कमी करता येईल का, ते आपण आत्ता बघू.’ यातले शेवटचे वाक्य सोडू नका, कारण नुसता क्रमांक हाती दिला तर माणसाला आपल्याला झटकून टाकल्यासारखे वाटते. आणि ‘विचारणार नाही’ म्हटल्यावर खरोखरच विचारू नका, आडूनसुद्धा.

बऱ्याच ईएपींमध्ये वरिष्ठांनाही सल्ला मिळतो. असे बोलणे कसे सुरू करावे हे विचारण्यासाठी, सहकाऱ्याचे नाव न सांगता, तुम्ही स्वतः फोन करू शकता. तो जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलला तर मात्र त्याला एकटे सोडू नका आणि लगेच तातडीच्या सेवेशी संपर्क साधा. तिथे ईएपीच्या वेळेची वाट पाहायची नसते.

प्रश्न : आमच्या विभागातली माणसे निम्मी झाली, काम तेवढेच राहिले. तक्रार केली की एचआर म्हणते, ‘ईएपी आहे ना, तिथे बोला.’ समुपदेशनाने काम कमी होणार आहे का?

उत्तर : नाही, होणार नाही, आणि या उत्तराला ‘पण’ जोडण्याची मला घाई नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’चा समावेश केला तो आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी घटना म्हणून. नीट न हाताळल्या गेलेल्या, दीर्घकाळ चाललेल्या कामाच्या ताणातून ती निर्माण होते, असे तिथे म्हटले आहे. शक्ती आटून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे सांगितली आहेत. म्हणजे मूळ कामाच्या व्यवस्थेत आहे. याच संघटनेने सप्टेंबर 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. व्यक्तीला ताण हाताळायला शिकवण्याबरोबरच कामाचा भार, वेळा आणि निर्णयातला सहभाग यांत बदल करणे आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणे, यांचा त्यांत स्पष्ट समावेश आहे. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे 1,200 कोटी कामाचे दिवस वाया जातात, हा या संघटनेचाच अंदाज आहे. एवढे नुकसान फोनवरच्या समुपदेशनाने भरून निघणारे नाही.

म्हणून दोन्ही वाटा स्वतंत्र ठेवा. माणसे किती होती, आता किती आहेत, कोणते काम कोणाकडे आले, जादा तास किती झाले, हे तारीखवार लिहून तक्रार लेखी द्या, आणि शक्य असेल तर एकट्याने न देता सर्वांनी मिळून द्या. छळ किंवा भेदभाव होत असेल तर त्याची तक्रार करण्याची जागा वेगळी असते. ईएपीकडे सांगितले म्हणजे कंपनीला अधिकृतपणे कळवले, असे अजिबात होत नाही. समुपदेशकाकडे जायचे ते झोप परत मिळवण्यासाठी, रागाच्या भरात राजीनामा न टाकता नीट विचार करण्यासाठी, वरिष्ठांसमोर कसे बोलावे याची तयारी करण्यासाठी. चांगला समुपदेशक तुम्हाला ‘दृष्टिकोन बदला’ असे सांगून परत पाठवणार नाही. त्याने तसे केले तर समुपदेशक बदलून मागा.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर सांभाळते. ईएपी घेण्याचा विचार आहे. अलीकडे एका सहकाऱ्याचा आकस्मिक मृत्यू झाला आणि त्या वेळी आमच्याकडे काहीच व्यवस्था नव्हती. सेवासंस्था निवडताना काय पाहावे?

उत्तर : सहकाऱ्याच्या मृत्यूविषयी प्रथम मनःपूर्वक सहवेदना. अशा प्रसंगी काही संस्था सर्वांना एकत्र बसवून घडलेला प्रसंग प्रत्येकाकडून तपशीलवार वदवून घेण्याचे एकच सत्र देऊ करतात. ते स्वीकारू नका. अशा एकवेळच्या सत्रांनी पुढचा मानसिक आघात टळत नाही, असे संशोधनाच्या आढाव्यांत आढळले असून जागतिक आरोग्य संघटनाही त्यांची शिफारस करत नाही. त्याऐवजी खरी माहिती वेळेवर देणे, कोणाला कशाची गरज आहे हे विचारणे, ज्याला बोलायचे आहे त्याला एकांतात बोलता येईल अशी सोय करणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करणे, हे हितावह असते. संस्थेला थेट विचारा, की कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर पहिल्या दिवशी तुम्ही नेमके काय करता. या एका उत्तरातून तिची पुष्कळशी पारख होते.

बाकी विचारायचे ते असे : समुपदेशकांचे शिक्षण आणि परवाना काय, आणि त्यांच्या कामावर ज्येष्ठांची देखरेख असते का, रात्रपाळीतल्या माणसाने रात्री फोन केला तर प्रशिक्षित व्यक्ती बोलते की निरोप घेतला जातो, पहिल्या फोननंतर पहिली भेट किती दिवसांत मिळते, कर्मचाऱ्यांच्या बोलीभाषेत बोलणारे समुपदेशक आहेत का, नोंदी कोठे साठवल्या जातात आणि किती काळाने नष्ट केल्या जातात. दरमाणशी ठरावीक रकमेच्या करारात फोन कमी आले तर संस्थेचा खर्च वाचतो, म्हणून सुविधेची माहिती वर्षभर देत राहण्याची जबाबदारी करारात लिहून घ्या. वापराचा आकडा कमी आला तर ‘आमच्याकडे सगळे ठीक आहे’ असा अर्थ काढू नका. बहुधा लोकांना सुविधा माहीत नसते किंवा तिच्यावर विश्वास नसतो. आणि अमुक एका कर्मचाऱ्याने फोन केला का, असे कोणत्याही वरिष्ठाने तुम्हाला विचारले तर ‘मला कळत नाही आणि कळायलाही नको’ हे उत्तर द्यायची तयारी तुमची स्वतःची असू द्या.

करार संपताना काय होते, हे कलम बहुतेकजण विसरतात. संस्था बदलली की ज्यांचे समुपदेशन मध्यावर आहे ते एका दिवसात तुटते. त्यांची उरलेली सेशन जुन्याच समुपदेशकाकडे पूर्ण होतील आणि त्यांच्या नोंदी कंपनीच्या हाती कधीही येणार नाहीत, ही दोन वाक्ये सही करण्याआधीच करारात घालून घ्या.